सुपातलं कालव

विश्वनाथ गेल्याची बातमी मला यष्टीच्या कंडक्टरने दिली. दुपारची गाडी आमच्या तिठ्यावर थांबते, तिथे नारळाचं पोतं टपावर चढवायला मी उभा होतो. घंटीची दोरी हातात धरून तो दारातून वाकला आणि म्हणाला, "बापूनू, तुमचो लिवणारो गेलो. फोंड्याचो. काल सकाळी." गाडी सुटली. पोतं माझ्या पायाशीच राहिलं.

आता खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहितो... त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. पहिल्यांदा आलं ते असं, की जाताना हा कुणाला काही सांगून तर गेला नसेल? मग पोत्यावर बसलो. मग रडू आलं. पण क्रम हाच होता.

तुम्ही पुरवणीचे वाचक त्याला विश्वनाथराव म्हणून ओळखता. सावंत आणि फिरंगी यांच्या झगड्याच्या काळात घडणाऱ्या त्याच्या रहस्यकादंबऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचनालयात नंबर लावून वाचल्या असतील. आमच्यासाठी तो विसू. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, शेजारच्या वाडीतला. त्याच्या मृत्यूनंतर जे लेख आले ते मी एकही न सोडता वाचले. लिहिणारे विद्वान आहेत, मनापासून लिहिलं आहे. पण प्रत्येक लेखात एक वाक्य आहेच, की समुद्राची हवा मानवेना म्हणून त्यांनी किनारा सोडला, फोंडाघाटाला बिऱ्हाड केलं आणि त्यांच्या कादंबरीतला समुद्र संपून घाट सुरू झाले. हे वाक्य खोटं आहे. मी ठामपणे सांगू शकतो, कारण ते मी तयार केलं. विसू गाव सोडून गेल्यावर मुंबईच्या एका मासिकाचा माणूस त्याला शोधत आमच्या गावात आला होता. गावात कुणी त्याच्याशी धड बोलेना. मी त्याला ओटीवर बसवलं, शहाळं दिलं आणि म्हणालो, "खारी हवा त्यांच्या छातीला सोसत नव्हती." त्याने ते लिहून घेतलं. पुढे सगळ्यांनी त्याचंच उचललं. खोट्याला एकदा छापील अक्षर मिळालं की ते म्हातारं होत नाही. माणसं होतात.

विसूची छाती ठणठणीत होती. रोज सकाळी पेज खाऊन तो किनाऱ्याने गडाच्या पायथ्यापर्यंत चालत जाई आणि परत येऊन मागच्या पडवीत पाटावर बसून लिही. मुंबईतली बऱ्या पगाराची नोकरी सोडून तो आला तेव्हा पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. गोवा अजून फिरंग्यांकडे होतं. आमच्या बाजूला दारूबंदी, पलीकडे मोकळीक. आमच्या बाजूला घड्याळ घ्यायचं तर महिनोन्महिने पैसे साठवायचे, पलीकडे दुकानात ढीग. त्यामुळे खाडीवरच्या प्रत्येक नव्या माणसाकडे गाव संशयानेच बघे. विसू गावचाच होता, तरी इतक्या वर्षांनी परत आलेला. दुकानाच्या बाकड्यावर एकमत होतं : "एवढी नोकरी सोडून गावाक कोण येता? एकतर येडो, नायतर पोलिसांचो."

त्यात त्याची लिहिण्याची रीत. स्वतः करून बघितल्याशिवाय एक वाक्य लिहायचं नाही, ही त्याची खोड. कादंबरीत प्रेत खाडीतून वाहत जाणार असेल तर हा नारळाची सोडणं भरलेलं माणसाएवढं पोतं पाण्यात सोडी आणि काठाकाठाने त्याच्या मागे चाले. ओल्या धोतराने बुरूज चढता येतो का हे पाहायला गेला आणि गुडघा फोडून आला. माणसांनाही सोडत नसे. एकदा जानूची बायको मासळीची पाटी घेऊन दारात आली. जानू म्हणजे आमच्या खाडीतला सगळ्यांत चांगला होडीवाला. विसूने तिला विचारलं, "बाय गो, समज तुझो घोव कोणी मारलो, आणि मारणारो कोण तां तुका म्हायत आसा. तर तू आधी रडतलंस काय आधी बोंब मारतलंस?"

"आधी ही पाटी तुझ्या टकलेर घालतलंय," ती म्हणाली, "मगे सावकाश रडतलंय!"

विसू खूश झाला. तिसऱ्या कादंबरीत कोठीवाल्याची विधवा कारकुनाच्या डोक्यात टोपली घालते तो प्रसंग वाचकांना आठवत असेल. तो त्या दिवशीचा.

आणि सूप. त्याच्या पडवीत पाटाशेजारी एक जुनं सूप असे आणि त्यात शिंपले. कादंबरीत ज्यांच्यावर संशय घ्यायचा त्या प्रत्येकाचा एक शिंपला, आणि प्रत्येक शिंपल्यामागे गावातला खराखुरा माणूस. खून तीनशे वर्षांपूर्वीचा, पण संशयित मात्र आम्ही. म्हणायचा, आपण ज्यांना ओळखत नाही त्यांच्यावर संशय घेता येत नाही, नुसती भीती वाटते. जानू म्हणजे गोलमटोल खुबा. माझा धाकटा भाऊ गणपत म्हणजे गुळगुळीत, चकचकीत तिसरीचा शिंपला. जानूने एकदा भांडण काढलं होतं, "माका शंख कर रे, माझो आवाज मोठो आसा." मी विचारलं, माझं काय? त्याने खडबडीत, कुठल्याच बाजूने सरळ नसलेलं एक शिंपलं उचललं. "तू कालव रे, बापू. खडकाक चिकटान बसलेलो. कोयतेन फोडल्याबगर तोंड उघडूचस नाय." आम्ही सगळे हसलो.

लिहिता लिहिता एखादा माणूस निर्दोष ठरला की विसू त्याचा शिंपला सुपातून उचलून करवंटीत टाकी. मी रोज संध्याकाळी जाई ते गप्पांना, पण खरं लक्ष सुपाकडे. आज कोण सुटला, कोण उरला... शेवटी उरेल तो गुन्हेगार, असा माझा हिशेब. तीन कादंबऱ्या झाल्या, एकदाही बरोबर आला नाही. पुस्तक छापून आलं की भलताच कुणी खुनी निघे. मी चिडलो की विसू गालात हसे आणि म्हणे, "बापू, तपास करणारो काय विचारता तां बघू नको. काय विचारणा नाय तां बघ."

चौथ्या कादंबरीत एक होडी गडाच्या पहाऱ्याला न दिसता खाडीत शिरते असं त्याला हवं होतं. त्यासाठी एका सकाळी जानूच्या होडीतून आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत गेलो. ओहोटी होती. वाळूचा दांडा उघडा पडला होता. विसू होडीत उभा राहून कधी बुरुजाकडे, कधी पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "भरती भरल्याबगर होडी आत येवची नाय. तवसर ती थांबतली खंय? बुरुजावरच्यांका दिसता नये. मगे जागा एकच. म्हशीच्या फातरामागे." तो काळा, पाठ वर काढलेला खडक आमच्या समोरच होता.

जानूचं वल्हं थांबलं. "मेल्या, तुका ह्या कोणी सांगल्यान?"

"तीनशे वर्सांपूर्वीच्या माणसान."

"तो खंय गावता तां माका दाखव," जानू म्हणाला आणि हसला. पण हसण्यापूर्वी त्याने माझ्याकडे बघितलं होतं. तेवढ्या बघण्यावरून मला जे कळायचं ते कळलं. गोव्याकडून माल घेऊन येणाऱ्या होड्या आजही तिथेच थांबत होत्या, आणि त्यातली एक जानूची होती. विसूच्या हे गावीही नव्हतं. परत आल्यावर तो आठ दिवस भेटेल त्याला म्हशीच्या खडकाबद्दल विचारत सुटला. तिथे पाणी किती, वारा कुठून, काळोखात पाठीमागे काही दिसतं का... दुकानात, देवळात, पाणवठ्यावर. त्याला फक्त कादंबरी दिसत होती.

मला दुसरंच दिसत होतं. गणपतच्या मनगटावर नवं घड्याळ आलं होतं. वडील गेले तेव्हा गणपत पाळण्यात होता, त्याला मीच वाढवला. "मुंबयसून मित्रान धाडल्यान," तो म्हणाला. त्याला मुंबईत मित्र नव्हता. चार दिवस पाळत ठेवली आणि कळलं, की जानूच्या होडीतला माल किनाऱ्यावर उतरवून घेणारा माणूस म्हणजे माझा भाऊ. आता तो होडीतूनही जायला लागणार होता. मी समजावलं, शिव्या दिल्या, एकदा हात उगारला. तो नुसता घड्याळाला किल्ली देत बसला. तेव्हा मी ठरवलं. त्याला म्हणालो, कसालच्या बाजारात ओळखीच्या माणसाकडे बैल आहे, तू जाऊन बघ, मुक्काम तिथेच कर. आणि तो गेल्यावर रेडीच्या रस्त्याला लागलो, कस्टमच्या साहेबाला एकटं गाठलं आणि एकच वाक्य बोललो : म्हशीच्या खडकामागे बघा.

माझ्या डोक्यात असं होतं, की माल पकडतील, होडीवाले घाबरतील, गणपत सुटेल. जानूला तुरुंग होईल हे माझ्या डोक्यात नव्हतं... की होतं? इतकी वर्षं मी स्वतःला हा प्रश्न विचारतो आणि दर वेळी उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. जानू आणि त्याचा मेव्हणा पकडले गेले. होडी जप्त झाली. जानूची बायको दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी न घेता, रिकाम्या हाताने वाडीवाडीतून फिरली आणि प्रत्येक दारात एकच विचारत गेली, "कोणी सांगल्यान?" माझ्याही दारात आली. मी म्हणालो, देव जाणे.

संशय विसूवर गेला हे सांगायलाच नको. त्या खडकाबद्दल चौकशा करणारा एकच माणूस होता. पण बाकड्यावर तेवढ्यावर भागेना. एका सकाळी मी दुकानात शिरताना ऐकलं, "पण मी म्हणतंय, गणपत नेमको तेच दिवशी कसालाक कित्याक गेलो?" मला बघून बोलणारा गप्प झाला. ते वाक्य माझ्या मानेवर बसलं. गणपतच गावाला खबऱ्या वाटू लागला तर कोळीवाड्यातली माणसं त्याला जिवंत ठेवणार नाहीत असं मला वाटलं. आणि त्याला वाचवायला खरं सांगायचं, तर तो वाचेल पण मी संपेन. माझी कुवत तेवढी नव्हती.

विसूने काय केलं? कादंबरी बाजूला ठेवली. सूप रिकामं केलं आणि त्यात नव्याने शिंपले मांडले. मी गेलो तेव्हा म्हणाला, "माझ्यार आळ इलोहा, बापू. तर आता खराच शोधून काढूया. आयुष्यात एकदा तरी खरो गुन्हेगार गावांदे." मी सुपात बघितलं. खुबा होता, तिसरी होती, आणखी पाच-सहा होते. आणि कडेला कालव.

ते दिवस मी विसरलो नाही. रोज संध्याकाळी जायचं, रोज सुपात बघायचं, रोज त्याच्या डोळ्यांत बघायचं. तो नेहमीसारखाच बोले. सुपारी कातरताना सहज विचारी, "बापू, बैल कसो होतो रे कसालाचो?" मी म्हणे, बरा नव्हता, घेतला नाही. "हं," तो म्हणे. सुमती, त्याची बायको, चहा आणून ठेवी, तो गार होई. जानूचा खुबा पहिल्यांदा करवंटीत गेला. मग दुसरे. मग गणपतची तिसरी. ती गेली त्या दिवशी माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच वेळी गेलाही. आता सुपात तीन राहिले होते, त्यात मी. दुसऱ्या दिवशी जायचं धाडस होईना, तरी गेलो. न जाणंही संशयाचंच झालं असतं. सुपात दोन शिंपले होते. कालव नव्हतं.

मी सुटलो होतो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. करवंटीकडे मी वळूनही बघितलं नाही. विसू कोट अंगावर घालून बाहेर निघायच्या बेतात होता. मला म्हणाला, "चल, किनाऱ्यार जाऊया." आम्ही बराच वेळ चाललो. मला वाटलं, दोन मित्र शांतपणे चालत आहेत.

त्यानंतरच्या सोमवारी गावाने देवाला कौल लावायचं ठरवलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गावाला काही सुटेना की देवाला विचारतात. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. देव विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो. प्रश्न मांडायचा मान आमच्या घराण्याचा. म्हणजे माझा.

सगळं गाव जमलं होतं. कोळीवाडा एका बाजूला उभा. विसू खांबाला टेकून उभा होता, अंगात तोच कोट. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा... आज गावार जो परसंग इलो, जानूची होडी गेली, दोन घरा उघड्यार पडली, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"ती म्हशीच्या फातराची जागा जर पयली विश्वनाथाच्या तोंडातसून भायर पडली आसात, तर उजवी दी, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

हा प्रश्न मी घरून ठरवून आणला होता. त्यात खोटं अक्षर नव्हतं. जागा पहिल्यांदा त्याच्याच तोंडून बाहेर पडली होती, मी होडीत बसून ऐकली होती. ती पुढे कुणी नेली, हे मी विचारलं नाही. उजवी पाकळी पडली. गावातून एक आवाज निघाला, लाटेसारखा. मी विसूकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा होता, काय विचारलं नाही ते ऐकणाऱ्याचा. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला, की बिचारा गोंधळला आहे.

त्याला वाळीत टाकण्याचा ठराव कुणी केला नाही. फक्त त्याच्या दारात मासळीची पाटी थांबेना, न्हावी फिरकेना, सुमती पाणवठ्यावर आली की बाकीच्या बायका कळशा उचलून निघू लागल्या. त्याला होडीत कुणी घेईना. विसूला समुद्र बंद झाला, तो असा. पावसाळ्यापूर्वी त्यांनी बिऱ्हाड हलवलं. फोंडा सुमतीचं माहेर. जाताना तो माझ्या ओटीवर आला. "येतंय हां, बापू," म्हणाला. "गणपतक सांभाळ." मी वाटेपर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

पुढची दहा-बारा वर्षं मी त्याचं प्रत्येक पुस्तक मागवलं. टपालाने पुडकं आलं की दोरा तोडून आधी शेवटचं प्रकरण वाचायचं. खुनी कोण? मी तर नाही? भाऊ वाचवणारा कुणी, देवळात प्रश्न विचारणारा कुणी, कालवासारखा खडबडीत कुणी... मीठ वाहणारे बैलांचे तांडे आले, घाटातल्या चौक्या आल्या, गडांवरचे किल्लेदार आले. माझ्यासारखा माणूस एकाही पुस्तकात नव्हता. इतका नव्हता, की त्याचाही मला संशय येई. गोवा सुटलं, होड्यांचा तो धंदा बसला. गणपतने दुकान टाकलं, बरं चालवलं, लोक त्याला दादा म्हणू लागले.

मधे एकदा कोल्हापूरला जाताना मी फोंड्याला उतरलो. बरोबर सुके बांगडे नेले होते. विसूने पुडी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. सुपात आता नदीतले गोटे होते. "म्हशीचो फातर आसा मां जाग्यार?" त्याने विचारलं. मी म्हणालो, आहे. "आणि गणपत?" बरा आहे म्हणालो. "बरा झाला," तो म्हणाला. परत येताना अख्ख्या वाटेत मी ते दोन शब्द उलटसुलट करून बघत होतो. बरं झालं म्हणजे काय झालं? एखाद्याने सरळ केलेल्या चौकशीतही फास दिसावा, ही शिक्षा मला कुणी दिली नव्हती. माझी मीच भोगत होतो.

विसू गेल्यावर बाराव्याला मी फोंड्याला गेलो. माणसं पांगल्यावर सुमती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. लिहायचा पाट, टाक, भिंतीला टेकवलेलं सूप. खुंटीवर कोट. तिने कोटाच्या खिशात हात घातला आणि तळहात माझ्यासमोर उघडला. कडा झिजलेलं कालवाचं शिंपलं होतं.

"बापूनू, गुन्हेगार नक्की झालो की हे तेचो शिंपलो सुपातसून काढून खिशात घालीत. सुपात ठेवलो तर येणारो-जाणारो वळखता म्हणान. पुस्तक छापून इला की मगे समुद्रात उडवीत. हय इल्यावर गोटे, ते नदीत. पण ह्या एक रवला. कोट धुवूक काढलंय की मी ह्या भायर काढी, ते परत आत घालीत. एकदा मी विचारलंय, ह्या खंयच्या पुस्तकातला? तर म्हणाले, 'ता पुस्तक मी लिवचंय नाय.'"

ती पुढे म्हणाली, "तुम्ही तेंचे जवळचे. तुमका म्हायत आसतला. कोणाचा ह्या?"

मी म्हणालो, "नाय गो. माका म्हायत नाय."

तिने शिंपलं परत खिशात ठेवलं.

म्हणजे त्या संध्याकाळी सुपात कालव नव्हतं तेव्हा ते त्याच्या खिशात होतं. माझ्याबरोबर किनाऱ्याने चालताना ते खिशात होतं. देवळात, मी हात जोडून तो बेतलेला प्रश्न विचारत होतो तेव्हाही. एक शब्द बोलला असता तर त्याचं घर वाचलं असतं, त्याचा समुद्र वाचला असता. तो का बोलला नाही हे मला ठाऊक नाही. गणपतसाठी असेल. माझ्यासाठी असेल असं लिहायला हात धजत नाही.

गणपतला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हा आता लिहिण्यात माझं फारसं शौर्य नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. जानू मात्र आहे. तुरुंगातून आल्यावर त्याने दुसऱ्याच्या होडीवर राबून दिवस काढले. त्याला वाचता येत नाही. म्हणून हा मजकूर पाठवण्यापूर्वी मी त्याच्या खळ्यात बसून तो त्याला वाचून दाखवला. जाळ्याची गाठ मारता मारता त्याने ऐकलं. कसालच्या बैलापाशी मान वर केली. "तुरुंगात बायलेन सांगल्यान, तेवाच मी म्हटलेलंय, बैल घेवक गेलेलो रिकामो कसो इलो!" मग पुन्हा गाठी मारू लागला. वाचून झाल्यावर म्हणाला, "माझो तुरुंग मी भोगलंय. माल माझोच होतो, ता काय खोटा नाय. पण तो जाताना माझ्याकडे इललो. म्हणालो, जानू, एकदा म्हशीच्या फातरापर्यंत ने रे, मगे जातंय. मी तेच्या पायार थुकलंय, बापू. ता तू माका करूक लावलंस." आणि जाळं आवरून आत गेला. मला बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

दोन दिवसांनी त्याचा नातू निरोप घेऊन आला. भरती भरेल तेव्हा होडी तयार ठेवतो, असं आजोबांनी सांगितलंय. कशासाठी, ते त्याला ठाऊक नव्हतं.

सुमती, ही पुरवणी फोंड्याला दुपारच्या गाडीने पोचते. तू वाचशील तेव्हा मी वाटेत असेन. कोट खुंटीवरच असू दे, मी न्यायला येईपर्यंत खिशातलं कुणाला देऊ नको. त्या दिवशी तू विचारलंस आणि मी नाही म्हणालो. ता कालव माझा.